काचेच्या धाग्याने हायड्रोजनचा माग

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे प्रसिद्ध आहेत. तोंड एका माणसाला जेमतेम उतरता येईल एवढे आणि पोट मात्र आत ऐसपैस, अशी त्यांची घडण असते. अनेक महिने बंद असलेले पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नाही. तोंड काही तास उघडे ठेवायचे, मग दोरीला बांधलेला पेटता कंदील हळूहळू आत सोडायचा, आणि तो विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही असे समजायचे, ही जुनी रीत आहे. मी सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उपकरणशास्त्र शिकवतो, आणि सेन्सर म्हणजे काय हे सांगताना नेहमी या कंदिलापासून सुरुवात करतो. डोळ्याला न दिसणारी एक गोष्ट डोळ्याला दिसणाऱ्या दुसऱ्या गोष्टीत बदलून दाखवणे एवढेच सेन्सरचे काम असते, आणि ते काम कंदील चोख करतो.

हायड्रोजनच्या बाबतीत मात्र हाच कंदील घात करील, कारण जो वायू शोधायचा तोच कंदिलाच्या ज्योतीने पेट घेईल. म्हणून हायड्रोजन शोधणाऱ्या उपकरणाकडून एक जादा अट पाळली जाणे आवश्यक ठरते: त्याने वायू ओळखावा, परंतु स्वतः ठिणगीचे कारण होऊ नये. केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूतून नुसता प्रकाश पाठवून ही अट कशी पाळता येते, आणि तसे करताना कोणत्या अडचणी उभ्या राहतात, हे या लेखात समजावून देण्याचा प्रयत्न आहे.

आधी हायड्रोजनचा स्वभाव पाहू. त्याला रंग नाही आणि वासही नाही. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी मिश्रण पेट घेऊ शकते. घरातल्या एलपीजीसाठी हाच पट्टा साधारण २ ते ९ टक्के इतका अरुंद आहे. पेटण्यासाठी त्याला लागणारी ऊर्जा सुमारे ०.०२ मिलिज्यूल, म्हणजे पेट्रोलच्या वाफेला लागते त्याच्या जवळपास एक दशांश. थंडीच्या दिवसांत लोकरीचा स्वेटर काढून दाराच्या लोखंडी कडीला हात लावताना बोटाला बसणारा चटका याहून कितीतरी जास्त ऊर्जेचा असतो. शिवाय शुद्ध हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. अग्निबाणांच्या इंजिनांवर काम करणारे नासाचे कर्मचारी सुरुवातीच्या काळात लांब दांड्याची केरसुणी पुढे धरून चालत, आणि केरसुणीचे टोक पेटले की समोर आग आहे हे त्यांना कळे.

एलपीजीत जसे इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात तसे हायड्रोजनमध्ये का मिसळत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. गंधकयुक्त वासाची द्रव्ये फ्युएल सेलमधील, म्हणजे हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या घटातील, उत्प्रेरकाला निकामी करतात, आणि हायड्रोजनचा रेणू इतका लहान व हलका असतो की तो ज्या फटीतून निसटतो आणि ज्या वेगाने पसरतो, तेथून आणि त्या वेगाने वासाचा जड रेणू त्याच्यासोबत जाईलच याची खात्री देता येत नाही. तेव्हा नाक, डोळे आणि कंदील, या तिन्हींचा येथे उपयोग नाही.

हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदा पट हलका असल्यामुळे मोकळ्या जागेत तो झपाट्याने वर जातो आणि विरून जातो, हा त्याचा मोठा गुण आहे. बंद जागेत मात्र हाच गुण उलटतो, कारण तो छताखाली साठत राहतो. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात इंधनकांड्यांच्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला, तो इमारतींच्या वरच्या भागात साठला आणि स्फोटांनी छपरे उडाली. जून २०१९ मध्ये नॉर्वेतील सँडविका येथे हायड्रोजन भरण्याच्या केंद्रावर स्फोट झाला, तेव्हा उच्च दाबाच्या टाकीचे एक बूच नीट आवळले गेले नव्हते एवढेच कारण निघाले.

हे सारे दूरच्या देशांत घडते असे समजू नये. आपल्या सातारा-सांगलीत प्रत्येक गावात हायड्रोजन तयार होतो, तो बॅटरी चार्जिंगच्या दुकानात. मिरजेकडे जाताना रस्त्यालगत असे एक दुकान आहे. पत्र्याची खोली, लाकडी फळ्यांवर ओळीने मांडलेल्या इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, त्यांची बुचे काढून ठेवलेली, आणि वाकून पाहिले तर प्रत्येक भोकात आम्लाच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे सतत फुटत असतात. चार्जिंग पूर्ण होत आले की उरलेली वीज पाण्याचेच विघटन करू लागते, आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे व ऑक्सिजनचे असतात. हिशेब अगदी सरळ आहे. जादा गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासामागे बॅटरीच्या एका घरातून सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत अशी सहा घरे असतात; पूर्ण भरलेल्या बॅटरीत ५ अँपिअर प्रवाह तसाच चालू राहिला तर ताशी साडेबारा लिटर आणि अशा वीस बॅटऱ्यांमधून ताशी २५० लिटर हायड्रोजन बाहेर पडतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत साधारण २८,३०० लिटर हवा मावते. तिचे ४ टक्के म्हणजे सुमारे ११३० लिटर. खोली बंद असेल आणि चार्जर रात्री चालूच राहिला, तर साडेचार तासांत ही मर्यादा गाठली जाते, आणि वायू छताखाली साठत असल्यामुळे छताजवळ ती त्याच्याही आधी गाठली जाते.

यापुढे हायड्रोजनचा वापर वाढणार आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी स्वतःचे धोरण जाहीर केले. हरित हायड्रोजन म्हणजे सूर्य, वारा अशा स्रोतांच्या विजेने पाण्याचे विघटन करून मिळवलेला हायड्रोजन. चाळकेवाडीच्या आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. अशा संयंत्रांत, साठवणीच्या टाक्यांजवळ आणि वाहनांत हा वायू ३५० किंवा ७०० बार इतक्या दाबाखाली ठेवावा लागतो, आणि तेथे गळतीचा सुगावा सेकंदाच्या हिशेबात लागणे गरजेचे असते.

हायड्रोजन ओळखणारी विजेवर चालणारी उपकरणे आजही मिळतात आणि त्यांतील पुष्कळशी चांगली आहेत. एका प्रकारात उत्प्रेरक लावलेला मणी काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, त्यावर वायू जळला की मणी आणखी तापतो आणि तो फरक मोजतात. दुसऱ्या प्रकारात वायूमुळे अर्धवाहकाचा रोध बदलतो, तिसऱ्यात विद्युतरासायनिक घट वापरतात. या सर्वांत जेथे वायूची शक्यता आहे तेथेच वीज न्यावी लागते, आणि म्हणून त्यांना पुष्कळदा जाड धातूच्या स्फोटरोधक पेटीत बसवावे लागते. तापलेल्या मण्याला चालण्यासाठी ऑक्सिजनही लागतो, त्यामुळे जेथे हवाच नाही अशा जागी तो मुका होतो. शंभर ठिकाणी लक्ष ठेवायचे तर शंभर उपकरणे, त्यांचा वीजपुरवठा आणि त्यांच्या तारा असा पसारा वाढत जातो. या ठिकाणी प्रकाशतंतू उपयोगी पडतो.

प्रकाशतंतू, म्हणजेच फायबर, आता घरोघरी इंटरनेटच्या निमित्ताने पोचला आहे. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या तंतूचा काचेचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर जाड असतो, त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे आवरण १२५ मायक्रोमीटरपर्यंत असते आणि वरून प्लॅस्टिकचा संरक्षक लेप असतो. गाभ्यात शिरलेला प्रकाश आवरणाच्या सीमेवर पुन:पुन्हा पूर्ण परावर्तित होत पुढे जात राहतो. वाकवलेल्या काचेच्या तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ मध्ये दाखवले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून मैलोगणती संदेश पाठवता येतील हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले, आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सांगलीहून सोडला, तर दहा किलोमीटरवरच्या मिरजेत पोचेपर्यंत त्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग शिल्लक राहतो.

तंतू वाकला, ताणला किंवा तापला की आतल्या प्रकाशावर परिणाम होतो. फायबर जोडायला येणारा तंत्रज्ञ दोष शोधण्यासाठी तंतूत लाल प्रकाश सोडतो, तेव्हा जेथे तंतू प्रमाणाबाहेर मुडपला असेल तेथे लाल ठिपका बाहेर चमकताना दिसतो. इंटरनेटवाल्याच्या दृष्टीने ही अडचण आहे. मोजमाप करणाऱ्याच्या दृष्टीने ती संधी आहे, कारण तंतूवर बाहेर काय घडले याची बातमी आतला प्रकाश देत असतो.

तथापि हायड्रोजनपुढे प्रकाश थेट उभा केला तर तो काहीच सांगत नाही. कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू अवरक्त प्रकाशाचा ठरावीक भाग शोषतात आणि त्यावरून ओळखू येतात. हायड्रोजनच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू असल्यामुळे त्याच्या कंपनाने विद्युतभाराचा तोल ढळत नाही, आणि म्हणून अवरक्त प्रकाश त्याच्यातून जवळजवळ तसाच पार जातो. प्रकाशाला हायड्रोजन दिसत नाही, म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो, ज्याला हायड्रोजनची भाषाही कळते आणि प्रकाशाचीही. तो दुभाषी म्हणजे पॅलेडियम हा धातू.

पॅलेडियमचा शोध विल्यम वोलास्टन यांनी १९व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला लावला, आणि हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शे पट हायड्रोजन शोषून घेतो हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये दाखवले. हायड्रोजनचा रेणू पॅलेडियमच्या पृष्ठभागावर आदळताच दोन अणूंत फुटतो, आणि हे सुटे अणू धातूच्या अणूंमधल्या मोकळ्या जागांत शिरतात. ज्वारीच्या राशीवर मोहरी ओतली तर ती दाण्यांमधल्या फटींत जाऊन बसते, तसेच काहीसे. फरक एवढाच की मोहरीमुळे ज्वारीची रास फुगत नाही, पॅलेडियम मात्र फुगतो. हायड्रोजनने पूर्ण भरल्यावर त्याच्या अणुजाळीची लांबी सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते, त्याची चकाकी बदलते आणि विजेला होणारा रोधही बदलतो. हवेतला हायड्रोजन ओसरला की अणू पुन्हा जोडीने बाहेर पडतात आणि धातू पूर्ववत होतो. शोषणे आणि सोडणे ही दोन्ही कामे हा धातू नेहमीच्या तापमानाला, कोणी तापवल्याशिवाय करतो, आणि म्हणूनच दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलेला हा गुण आज इतक्या उपयोगाचा ठरला आहे.

आता हा दुभाषी तंतूवर बसवायचा कसा? एम. ए. बटलर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पॅलेडियमचा लेप दिलेल्या तंतूतून आणि साध्या तंतूतून एकाच प्रकाशाचे दोन भाग पाठवले होते. हायड्रोजन आला की लेप फुगतो, त्याच्यासोबत तंतू किंचित लांबतो, आणि त्यातून आलेला प्रकाश दुसऱ्या भागाच्या तुलनेत मागे पडतो. दोन्ही एकत्र केले की हे मागे पडणे प्रकाश-अंधाराच्या पट्ट्यांच्या सरकण्यातून मोजता येते. पद्धत अतिशय नाजूक फरक टिपते, मात्र शेजारून ट्रक गेल्याचेही तिला कळते, आणि प्रयोगशाळेबाहेर तीच तिची अडचण होते. याहून साधी रीत अशी की तंतूच्या कापलेल्या टोकावर काही दशक नॅनोमीटर जाडीचा पॅलेडियमचा आरसा बसवायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. हायड्रोजनमुळे आरसा मंदावतो. ही रीत स्वस्त आहे, पण प्रकाश कमी झाला तो हायड्रोजनमुळे, की जोडणीत धूळ बसल्यामुळे, की वाटेत कोणी तंतू मुडपल्यामुळे, हे तिच्याकडून कळत नाही. तिसऱ्या रीतीत तंतूचे आवरण एका बाजूने घासून पातळ करतात व तेथे धातूचा थर देतात, म्हणजे गाभ्याबाहेर किंचित डोकावणारा प्रकाश त्या थराशी गाठ घेऊ शकतो.

मला स्वतःला यांत ब्रॅग ग्रेटिंगची पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. कॅनडात केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७८ मध्ये आढळले की तीव्र प्रकाशाने तंतूच्या गाभ्यातच काचेचा अपवर्तनांक कायमचा बदलता येतो. पुढे अतिनील प्रकाशाने गाभ्यात ठरावीक अंतरावर पट्टे उमटवण्याचे तंत्र आले; पट्ट्यांच्या या रांगेलाच ब्रॅग ग्रेटिंग म्हणतात. १५५० नॅनोमीटरसाठी हे अंतर अर्ध्या मायक्रोमीटरहून किंचित जास्त असते, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये सुमारे १९ हजार पट्टे मावतात. प्रत्येक पट्टा प्रकाशाचा अगदी नगण्य भाग मागे परतवतो. परंतु एका विशिष्ट तरंगलांबीसाठी या हजारो पट्ट्यांवरून परतलेल्या लहरी एकाच ठेक्यात येतात, जसे दिंडीतले सगळे टाळ एकाच क्षणी पडले की त्यांचा एकच घोष होतो. बाकीच्या तरंगलांबींचा ठेका चुकतो आणि त्या पुढे निघून जातात. ही परतणारी तरंगलांबी पट्ट्यांमधले अंतर आणि काचेचा अपवर्तनांक यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असते. तंतू जरा ताणला की पट्टे दूर जातात, आणि परतणारी तरंगलांबी सरकते.

अशा ग्रेटिंगवर पॅलेडियमचा लेप दिला की हायड्रोजन आल्यावर लेप फुगून काच ताणतो आणि तरंगलांबी सरकते. येथे बातमी प्रकाशाच्या तीव्रतेत नसून तरंगलांबीत असते. वाटेत तंतू मुडपला तर प्रकाश कमी येईल, पण त्याची तरंगलांबी बदलणार नाही. शिवाय एकाच तंतूवर निरनिराळ्या अंतराचे पट्टे असलेली अनेक ग्रेटिंग्ज बसवता येतात. प्रत्येक ग्रेटिंग आपल्या वाट्याची तरंगलांबी परत पाठवते, आणि दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस कोणत्या जागी काय झाले हे ओळखू शकतो. धोक्याच्या जागी काच, धातूचा थर आणि मंद प्रकाश एवढेच असते. वीज, संगणक आणि माणूस सुरक्षित अंतरावर राहतात. जवळ उच्च दाबाच्या विजेच्या तारा असल्या तरी काचेत त्यांचा खरखराट शिरत नाही.

अडचण आकड्यांत आहे. अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा पॅलेडियमचा थर १२५ मायक्रोमीटर जाडीच्या काचेला ओढतो, तेव्हा काच फारशी हलत नाही. सुरुवातीच्या प्रयोगांत एक टक्का हायड्रोजनला तरंगलांबी साधारण २० पिकोमीटर सरकली. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग. त्याच ग्रेटिंगचे तापमान एका अंशाने वाढले तर तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर सरकते. म्हणजे दोन अंशांची ऊब आणि एक टक्का हायड्रोजन, दोन्हींची खूण सारखीच. सांगलीत मार्च महिन्यात पहाटे अठरा-वीस अंश असलेला पारा दुपारी सदतीस-अडतीसवर जातो. नुसत्या एका ग्रेटिंगवर विसंबलेले उपकरण रोज दुपारी गळती झाल्याची हाकाटी करील, आणि चार दिवसांत कामगार त्याचा भोंगा बंद करून ठेवतील. माझ्या मते खोटा इशारा हा न दिलेल्या इशाऱ्याइतकाच घातक असतो.

यावरचा उपाय म्हणजे शेजारीच लेप नसलेले दुसरे ग्रेटिंग ठेवणे. तापमानाने दोन्ही सारखीच सरकतात, हायड्रोजनने एकच. वजाबाकी केली की हायड्रोजनचा वाटा उरतो. काचेचा तंतू आम्लाने झिजवून पातळ करणे हाही एक उपाय आहे. बैल तोच ठेवून गाडी हलकी करावी तसे हे आहे, कारण तेवढाच पॅलेडियम पातळ काचेला जास्त ताणू शकतो. मात्र काच जितकी पातळ तितकी ती हाताळायला ठिसूळ.

आणखी एका युक्तीत तापमानालाच कामाला लावले आहे. टंगस्टन ट्रायऑक्साइडच्या थरात प्लॅटिनमचे सूक्ष्म कण मिसळले तर हायड्रोजन व हवेतला ऑक्सिजन यांची त्या कणांवर प्रक्रिया होऊन उष्णता निर्माण होते, आणि ग्रेटिंग तापून तरंगलांबी भरपूर सरकते. याच थराचा फिकट पिवळट रंग हायड्रोजनमुळे निळा होतो, त्यामुळे काही सेन्सर उष्णतेऐवजी रंगावरच चालतात. या पद्धतीला हवेतला ओलावा बाधतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर, विशेषतः महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात, हवा जशी ओलीचिंब असते ते पाहता अशा सेन्सरची परीक्षा पावसाळ्यातच घ्यायला हवी.

दुसरी अडचण धातूच्या थकव्याची आहे. हायड्रोजन थोडा असतो तेव्हा तो पॅलेडियममध्ये विरळ विखुरलेला राहतो. नेहमीच्या तापमानाला हवेतील हायड्रोजनचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्क्यांवर गेले की धातूची अवस्थाच बदलू लागते आणि तो एकदम जास्त फुगतो. येताना आणि जाताना ही अवस्था एकाच प्रमाणाला बदलत नाही, म्हणून वाढत्या आणि उतरत्या हायड्रोजनला सेन्सर वेगवेगळे आकडे दाखवतो. दरवेळी फुगून आणि आकसून पातळ थराला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात. चार टक्क्यांना धोका सुरू होतो हे लक्षात घेतले, तर नेमक्या ज्या टप्प्यात अचूकता हवी त्याच टप्प्यात शुद्ध पॅलेडियम बेभरवशाचा होतो असे म्हणावे लागते. म्हणून त्यात चांदी, सोने किंवा निकेल मिसळून मिश्रधातू करतात, म्हणजे अवस्थेतला तो अचानक बदल दबतो. संवेदनशीलता काहीशी घटते, पण थर टिकतो, आणि हा सौदा मला योग्य वाटतो.

तिसरी अडचण आपल्या भागाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू पॅलेडियमच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि हायड्रोजनच्या रेणूला फुटायला जागाच उरू देत नाहीत. सातारा-सांगलीत साखर कारखाने आहेत, त्यांना जोडून मद्यार्काचे प्रकल्प आहेत, आणि त्यांच्या मळीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस तयार होतो, ज्यात कुजक्या अंड्याच्या वासाचा हा हायड्रोजन सल्फाइड असतो. अशा परिसरात बसवलेला उघडा पॅलेडियम हळूहळू बधिर होत जाईल, आणि बधिर झालेला सेन्सर ‘सर्व ठीक आहे’ असेच दाखवत राहील. यासाठी थरावर असे पातळ बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कवच देतात, ज्यातून हायड्रोजनचा लहान रेणू आत जातो व मोठे रेणू बाहेर अडतात. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पॅलेडियम-सोन्याच्या नॅनोकणांवर असे कवच चढवून दाखवले, आणि त्याने संरक्षण तर मिळालेच, शिवाय प्रतिसादाचा वेळ एका सेकंदाखाली आला.

हायड्रोजन स्वतः काचेलाही सोडत नाही, हे येथे सांगायला हवे. तो तंतूच्या काचेत झिरपतो आणि १२४० नॅनोमीटरच्या आसपास व काचेशी बंध तयार झाल्यावर १३८३ नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषू लागतो, त्यामुळे दीर्घकाळ वापरायच्या तंतूंवर कार्बनचा दाट लेप देतात. दुसरीकडे ग्रेटिंग तयार करताना मात्र तंतूला मुद्दाम उच्च दाबाचा हायड्रोजन पाजतात, कारण त्यामुळे अतिनील प्रकाशाचे पट्टे सहज उमटतात.

हे तंत्र कोठे वापरावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. तंतू स्वस्त असला तरी परतलेली तरंगलांबी वाचणारे यंत्र महाग असते, म्हणून एकट्या-दुकट्या जागेसाठी हा खर्च परवडणारा नाही. जेथे एका तंतूवर पंधरा-वीस ठिकाणे जोडता येतील तेथेच तो सार्थकी लागतो. विघटन संयंत्रे, साठवणीच्या टाक्या आणि इंधन भरण्याची केंद्रे ही अशी ठिकाणे आहेत. विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर हे आणखी एक. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आतल्या आत बारीक विद्युत स्राव होऊ लागला की तेलाचे विघटन होऊन हायड्रोजन विरघळत जातो, आणि तो वाढतो आहे हे वेळेत कळले तर ट्रान्सफॉर्मर जळण्यापूर्वी बंद करता येतो. आज त्यासाठी तेलाचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. टाकीच्या आत विजेची तार न्यायची नाही, तेलात हवा नाही, आजूबाजूला प्रचंड विद्युतक्षेत्र आहे, अशा जागी पॅलेडियमचा लेप दिलेला काचेचा तंतू जितका शोभतो तितके दुसरे काही शोभत नाही. कराडच्या ४०० केव्ही उपकेंद्राजवळून जाताना मला नेहमी हाच उपयोग आठवतो.

बसवण्याच्या जागेबाबत लोक एलपीजीच्या सवयीने चुकतात. एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून त्याचा सेन्सर जमिनीलगत लावतात. हायड्रोजनचा सेन्सर छताच्या सर्वांत उंच कोपऱ्यात, तुळयांच्या मधल्या खळग्यांत आणि गळतीची शक्यता असलेल्या जोडांच्या थेट वर असायला हवा. इशारा ४ टक्क्यांची वाट पाहत नाही, तो साधारण त्याच्या दहाव्या भागाला, म्हणजे ०.४ टक्क्याला पहिला आणि १ टक्क्याला दुसरा असा लावतात, आणि दुसऱ्या इशाऱ्याला वायूचा पुरवठा आपोआप तोडतात. ठरावीक काळाने ज्ञात प्रमाणाचा हायड्रोजन प्रत्यक्ष सेन्सरवर सोडून तो जागा आहे ना हे तपासावे लागते, कारण बधिर सेन्सर ओळखण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

मिरज रस्त्यावरच्या त्या दुकानाला मात्र यांतले काही लागणार नाही. तेथे भिंतीला पत्र्याच्या अगदी खाली एक जाळीची खिडकी आहे, आणि गेल्या पावसाळ्यात झड आत येते म्हणून तिच्यात सिमेंटचे रिकामे पोते कोंबलेले मी पाहिले. आत बॅटऱ्यांचे बुडबुडे फुटत होते. मालकांना मी वरचा अँपिअर-तासांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, मुलाला हाक मारून स्टूल आणायला सांगितले आणि पोते काढून घेतले. झड अडवण्यासाठी बाहेरच्या बाजूने पत्र्याचा तिरका पडदा लावण्याचे ठरले, आणि मी पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा तो लागला होता.